संत नसलेलं नाव

नाफ्सिकाबाईंच्या वर्गात एकदा तरी बसल्याशिवाय थेसालोनिकीत राहिल्याचा हिशेब पुरा होत नाही, असं खुशाल म्हणावं. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, वैद्यकशाखेला पाठ लावून, शेजारी देशांच्या भाषांचं आणि अभ्यासाचं केंद्र आहे. पाटीवरचं नाव एवढं लांब की वाचेपर्यंत बस निघून जाते, म्हणून सगळे नुसतं 'केंद्र' म्हणतात. वरच्या मजल्यावर विद्वान मंडळी कुठली सीमा कधी कुठे सरकली यावर भांडत असतात. खालच्या मजल्यावर त्याच सीमेपलीकडच्या माणसाशी चार शब्द नीट बोलता यावेत म्हणून लोक धडपडत असतात. जिन्याजवळच्या खोलीतून हसण्याचा गडगडाट ऐकू आला की समजायचं, बाईंचा बल्गेरियनचा वर्ग चालू आहे.

या वर्गाला येणारी माणसं म्हणजे एकेक वल्ली. स्तेर्ग्योस नावाचा ट्रकवाला होता, त्याला वाटेतल्या पोलिसांशी हुज्जत घालायची होती. दोन बहिणी होत्या, दात बसवायला पलीकडे जायच्या आणि डॉक्टर तोंडात हत्यार घालून काय पुटपुटतो ते कळत नाही म्हणून घाबरायच्या. कस्टममधून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर म्हणाले, "बाई, सगळी नोकरी मी नाक्यावर काढली. ते लोक माझ्याकडे बघून काहीतरी बोलायचे. काय बोलायचे ते मला मरायच्या आधी कळलं पाहिजे." बाईंनी सांगितलं, "शिकवते. पण मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही."

शिकवण्याची पद्धत सरळ होती. चुका, पण मोठ्याने चुका. दर वसंतात बाई सगळ्यांना बसमध्ये कोंबून सीमेपलीकडच्या सान्दान्स्की गावच्या बाजारात न्यायच्या. नाका ओलांडला की ग्रीक बंद. जो ग्रीक बोलेल त्याने येताना उभ्याने यायचं. एकदा स्तेर्ग्योस मध मागायला गेला आणि हातात दुलई घेऊन परत आला. "मला हेच हवं होतं," म्हणाला पठ्ठ्या, आणि भर उन्हात ती दुलई पोटाशी धरून घरी आला. बाई एवढ्या हसल्या की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली.

बाईंचं बल्गेरियन पुस्तकातलं नव्हतंच. त्यांचा जन्म बल्गेरियातल्या प्लोव्दिवचा. वडील ग्रीसच्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूचे. डोंगर उतरून पळाले ते थेट पलीकडच्या देशात. तिथे गिरणीत लागले, तिथेच आपल्यासारख्याच पळून आलेल्या एका ग्रीक मुलीशी लग्न केलं, आणि मुलगी झाल्यावर नाव ठेवलं नाफ्सिका. का, तर या नावाचा कुणी संत नाही. "पाद्र्याने हात लावावा असं नाव माझ्या मुलीचं असणार नाही," असं ते चारचौघांत सांगायचे. माणूस हट्टी, पण लेकीवर जीव टाकणारा. सरकारने पळून गेलेल्यांना परत यायची मुभा दिली तोवर ते वारले होते. मायलेकी दोन पेट्या घेऊन थेसालोनिकीत उतरल्या. आईचं ग्रीक खेडवळ, मुलीचं ग्रीक आईकडून आलेलं आणि वर बल्गेरियन हेलाचं. पाववाल्याच्या दुकानात रांगेतली माणसं मागे वळून बघायची.

कातड्याचे कोट शिवायच्या कारखान्यात बाईंनी बरीच वर्षं काढली. मग पलीकडची राजवट कोसळली, नाके उघडले, आणि शहरात बल्गेरियन माणसांच्या बसगाड्या येऊ लागल्या. एक दिवस स्टेशनासमोर एक प्रवासी बाई आणि टपरीवाला एकमेकांवर ओरडत होते, दोघांनाही दुसऱ्याचं एक अक्षर कळत नव्हतं. नाफ्सिकाबाई मध्ये पडल्या, दोघांनाही दोन भाषांत झापलं आणि भांडण मिटवलं. मागे केंद्राचे संचालक ख्रिसांथोस सर उभे होते. त्यांनी विचारलं, "हे असं तुम्ही रोज करू शकाल का?" पुढच्या सोमवारी बाई केंद्रात रुजू झाल्या, आणि तेव्हापासून कामावर जाताना त्यांचं पाऊल कधी जड झालं नाही. सुखी बाई. वर्ग चांगला, माणसं चांगली, चौथ्या मजल्यावर स्वतःचं दोन खोल्यांचं घर. आई गेल्यावर एकटेपण आलं, तेही त्यांनी अंगवळणी पाडून घेतलं.

पण एक सल होता. त्याचं नाव काढायलासुद्धा त्यांना लाज वाटायची.

आपल्याकडे ग्रीसमध्ये वाढदिवसाचं कुणाला काय? खरा दिवस नावाचा. ज्या संताचं नाव, त्या संताच्या दिवशी माणसाने घरात बसायचं, आणि जो येईल त्याच्यापुढे चमचाभर मुरंबा, गार पाणी आणि कॉफी ठेवायची. बोलावणं करायचं नाही. बोलावून जमवली तर ती मेजवानी झाली. न बोलावता जी माणसं जिना चढतात ती आपली. कामाच्या ठिकाणी मात्र ज्याचा दिवस त्याने मिठाईचा खोका आणायचा. केंद्राच्या कार्यालयात एव्लांबिया होती, कारकून म्हणून चिकटली आणि बघता बघता केंद्राची मालकीण झाली. खोका उघडला की पहिला घास तिचा आणि पहिला टोमणाही तिचाच. तुर्की शिकवणारा प्रोद्रोमोस दरवर्षी कोरडी बिस्किटं आणायचा. "अरे, ही मिठाई आहे की फरशीचे तुकडे?" ती विचारायची. "तुझ्या संताने वाळवंटात टोळ खाऊन दिवस काढले, म्हणून आम्हीही काढायचे का?"

सगळ्यांना टोमणे. नाफ्सिकाबाईंना मात्र या बाबतीत कधी एक शब्द नाही. बाकी कशावरूनही एव्लांबिया त्यांची टर उडवायची, त्यांच्या टोप्यांवरून, त्यांच्या पेरूएवढ्या अंबाड्यावरून. पण 'तुझा खोका कधी गं?' असं तिने कधी विचारलं नाही. प्रोद्रोमोसनेही नाही. बाईंनी त्याचा अर्थ लावला तो असा, की ही मंडळी कितीही हसली-खेळली तरी आपल्याला परकीच समजतात. ज्याला घरचं मानतात त्याला टोमणा मारतात. पाहुण्याला कोण मारतो?

आता, संत नसलेल्या नावांची सोय काही नाही असं नाही. ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळ्या संतांचा रविवार असतो. आखिलेअस काय, अन्तिगोनी काय, असली जुनी नावं लावणारे सगळे त्या दिवशी दार उघडं ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंनाही ठाऊक होतं. वडिलांचा शब्द मोडायचा नाही असं त्या स्वतःला सांगत. खरं कारण निराळं होतं. त्यांना भीती वाटायची. आपण टेबल मांडून बसलो आणि कुणी आलंच नाही तर? म्हणून त्या रविवारी सकाळीच पिशवी भरून त्या पेरेआच्या किनाऱ्यावर जायच्या आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर परतायच्या. दरवर्षी. आई होती तेव्हा तिलाही घेऊन जायच्या.

या वर्षी जूनअखेर बाई निवृत्त होणार होत्या. एकदा केंद्राचा जिना सुटला की कोण कुणाकडे जातंय? त्या विचाराने त्यांना घेरलं आणि त्यांनी मनाशी पक्कं केलं: यंदा समुद्र नाही. यंदा घरात बसायचं. या शहरात न बोलावता आपला जिना चढणारं एक तरी माणूस आहे की नाही, हे एकदाचं कळू दे.

बोलावणं करता येत नाही, पण खोका नेता येतो. शुक्रवारी बाईंनी क्रीम भरलेले मोठाले त्रिकोण घेतले, नवा ब्लाउज घातला आणि खोका कार्यालयाच्या टेबलावर ठेवला. प्रोद्रोमोसने झाकण उघडलं आणि तो ओरडलाच, "अरे या रे सगळे! बाईंनी निरोपाची मिठाई आणलीय!"

बाईंनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्याने त्यांना मिठी मारली होती, वरच्या मजल्यावरचे विद्वान सीमा सोडून खाली धावले होते, आणि जो तो क्रीमने भरलेल्या तोंडाने "आता मजा करा, बाई, आता आराम करा" म्हणत होता. नाही हो, माझा नावाचा दिवस आहे परवा, असं आता सांगायचं कसं? ते बोलावणंच झालं असतं. वर भीक मागितल्यासारखं. "खा, खा," बाई म्हणाल्या. एव्लांबियाने एक त्रिकोण उचलला, बाईंकडे जरा रोखून पाहिलं आणि चक्क काही न बोलता खाल्ला. झालं! म्हणजे रविवारबद्दल कुणालाच काही कळलेलं नाही.

तरी रविवारी बाई पहाटेच उठल्या. हट्ट बापाकडून आला होता ना. आई प्लोव्दिवला शिकली होती तशी चीज भरलेली, पापुद्र्यांची बानित्सा त्यांनी भाजली, चेरीचा मुरंबा काचेच्या वाटीत काढला, आईचं विणलेलं टेबलपोस अंथरलं. छोटे चमचे पुसून पुसून चकाकवले. मग खुर्चीत बसल्या. बसल्या त्या बसल्याच.

चर्च सुटलं. खालच्या रस्त्यावर माणसं एकमेकांना हाका मारत होती. दुपार व्हायच्या सुमाराला घंटा वाजली आणि बाई अशा धावल्या की दाराच्या कडेला कोपर आपटलं. दारात हेल्मेट घातलेला, मिशा पिकलेला एक माणूस, हातात मटणाच्या सळ्यांचं पुडकं.

"दूकास?"

"दूकास तिसऱ्या मजल्यावर."

"माफ करा."

"थांबा," बाई म्हणाल्या. काय म्हणतोय आपण हे त्यांनाच कळेना. "एक चमचा मुरंबा घ्या. आज माझा नावाचा दिवस आहे."

तो बिचारा गोंधळला, पण माणूस वळणाचा. हेल्मेट न काढताच त्याने चमचा तोंडात घातला, पाणी प्यायला, "उदंड आयुष्य लाभो, ताई" म्हणाला आणि सळ्या गार होतात म्हणून पळाला. बाईंना हसू आलं. मग दार लावताना रडू आलं. बाबांच्या फोटोकडे बघून त्या म्हणाल्या, "घ्या. जिंकलात तुम्ही. एक जण आला, तोही मजला चुकून."

दुपार कलली. बानित्सा गार होऊन कडक झाली. पलीकडच्या गच्चीत कुणाकडे तरी खरंच नावाचा दिवस होता, हसण्याचे आवाज येत होते, आणि बाईंना ते सहन होईना. आपण मूर्ख आहोत, म्हाताऱ्या आहोत, आणि उद्या वर्गावर जाऊन हसायचं आहे, असं मनात म्हणत त्यांनी बशा आवरायला घेतल्या. तेवढ्यात पुन्हा घंटा वाजली. दूकासांचं आणखी काही आलं असेल म्हणून त्यांनी बशा हातात घेऊनच दार उघडलं.

दारात एव्लांबिया. घामाघूम, धापा टाकत, एका हातात चपला.

"तुझी ती लिफ्ट कुणी जाळत का नाही?" ती म्हणाली. मग चपला खाली टाकल्या, केस सावरले आणि गंभीर होऊन बोलली, "उदंड आयुष्य लाभो, नाफ्सिका. तुझ्या नावाला."

बाई बशा घेऊनच मागे सरल्या. "तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? निवृत्तीचा कागद हातात पडायच्या आधी मिठाई कोण वाटतं? अपशकुन असतो तो. प्रोद्रोमोस गाढव आहे, पण तू नाहीस. घरी जाऊन विचार केला, रविवारी आहे काय? आणि डोक्यात उजेड पडला." ती आत येऊन खुर्चीत कोसळली. "तरी सकाळी निघाले ती कोपऱ्यावरून परत गेले. मग दुपारी पुन्हा निघाले. म्हटलं, परत दार बंद असलं तर?"

"परत?" बाई म्हणाल्या.

"मग? पहिल्या वर्षी आलो होतो की आम्ही! मी, प्रोद्रोमोस आणि ख्रिसांथोस सर. तेव्हाही ही लिफ्ट बंदच होती. सरांच्या हातात हायड्रेंजियाची ही एवढी कुंडी, आणि दर मजल्यावर थांबून म्हणताहेत, 'पोरगी नवीन आहे, तिला वाटायला नको आपलं कुणी नाही.' घंटा वाजवली, वाजवली. कुणी नाही. पुढच्या वर्षी मी एकटी आले. तेव्हाही नाही."

बाईंनी बशा टेबलावर ठेवल्या.

"मग सर म्हणाले, नावाच्या दिवशी दार बंद ठेवणारं घर दुखवट्यातलं असतं. वडील परक्या मातीत राहिलेत, त्याचं दुःख असणार. आता हा विषय तिच्यापुढे कुणी काढायचा नाही, थट्टेतसुद्धा नाही. आम्ही दोघांनीही शब्द दिला. सर गेले, पण मी शब्द पाळला. तुला काय माहीत, दरवर्षी जीभ कशी चावत होते मी!"

"कुंडी," बाई म्हणाल्या. "दाराशी एक कुंडी होती."

"तीच ती."

"मला वाटलं फुलवाला मजला चुकला. मी ती खालच्या झाफिरोबाईंना नेऊन दिली."

एव्लांबियाने कपाळावर हात मारला. "म्हणून ती बया तुझ्याशी इतकी गोड बोलते होय! आणि तू, तू होतीस कुठे त्या दिवशी?"

"पेरेआला. किनाऱ्यावर." बाई आता सरळ सरळ रडत होत्या. "दरवर्षी जायचे. घरी बसून घंटा वाजत नाही हे ऐकायला नको, म्हणून."

मग एव्लांबिया उसळली. "इतक्या भाषा येतात तुला मेले, त्यातल्या एकीत तरी विचारायचंस!"

"तू तरी विचारायचंस!"

"मी? नावाच्या दिवसाबद्दल? मला काय वळण नाही?" आणि तिचेही डोळे भरून आले, म्हणून तिने घाईघाईने मुरंब्याचा चमचा तोंडात कोंबला. "छान आहे. साखर जास्त आहे. बस, आणि ते नाक पूस."

मग तिने पर्समधून फोन काढला.

"बोलवायचं नाही हं कुणाला!" बाई घाबरून म्हणाल्या.

"बोलावतंय कोण?" एव्लांबियाने प्रोद्रोमोसला फोन लावला. "काय करतोयस रे? असं, झोपलायस. मी? मी बसलेय नाफ्सिकाकडे. हो, तिच्या घरी. नाही, काही नाही, मुरंबा खातेय. आज रविवार कुठला आहे ते जरा आठव आणि झोप पुन्हा." तिने फोन ठेवला. मग तेवढंच बोलणं स्तेर्ग्योसशी केलं, आणि त्या दातवाल्या बहिणींशीही. एकालाही 'ये' असं म्हटलं नाही. नियमात बसवून केलं सगळं.

नाफ्सिकाबाईंनी तोंड धुतलं आणि बानित्सा परत ओव्हनमध्ये सारली. वर्गात हा धडा त्यांनी कितीदा घेतला होता: नावाच्या दिवशी पाहुणा काय म्हणतो, घरधनी काय म्हणतो, बूट काढायला वाकलेल्या पाहुण्याला तो कसा थांबवतो. घरधनी कायम कुठल्यातरी विद्यार्थ्याला करायचं आणि आपण पाहुणी व्हायचं, अशी त्यांची रीत होती. घरधन्याचं बोलणं त्यांच्या स्वतःच्या तोंडी कधी आलंच नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. एकाची नव्हती, खालून वरपर्यंत कुणीतरी लिफ्टला शिव्या देत होतं आणि कुणीतरी त्याला "हळू, बाई ऐकतील" म्हणत होतं. घंटा वाजली.

"ऊठ," एव्लांबिया म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? तुझं दार आहे."

बाईंनी दार उघडलं. पुढे प्रोद्रोमोस, उशीचे वळ गालावर, हातात त्याच त्या कोरड्या बिस्किटांचा पुडा. मागे स्तेर्ग्योस, त्याची बायको आणि दोघी बहिणी. "उदंड आयुष्य, बाई!" सगळे एकदम म्हणाले.

"तुम्हालाही," नाफ्सिकाबाई म्हणाल्या. "या, आत या. बूट राहू द्या पायात."